बासरीवादन आणि अध्यापन : या व्यवसायात येणाऱ्यांसाठी

बासरी शिकणाऱ्या तरुणांपैकी अनेकांच्या मनात एक प्रश्न पहिल्या दिवसापासून असतो आणि तो विचारायला ते दोन-तीन वर्षे बिचकतात : यावर घर चालेल का? चालते, पण नुसत्या मैफलींवर ते चालवू पाहणाऱ्याची फार ओढाताण होते. बासरीला शास्त्रीय मैफलीत स्वतंत्र वाद्याचे स्थान मिळवून देणाऱ्या पन्नालाल घोष यांनी चित्रपटांना संगीत दिले आणि १९५६ मध्ये ते दिल्लीला आकाशवाणीच्या वाद्यवृंदाची जबाबदारी घेऊन गेले. हरिप्रसाद चौरसिया १९५७ मध्ये कटकच्या आकाशवाणी केंद्रावर नोकरीला लागले आणि पुढे मुंबईत त्यांनी चित्रपटसंगीतासाठी भरपूर वादन केले. विजय राघव राव यांनी फिल्म्स डिव्हिजनच्या माहितीपटांचे संगीत केले. म्हणजे या मोठ्या वादकांच्याही मैफलींना कशाचा तरी नियमित आधार होता. आज आकाशवाणीतल्या तशा नोकऱ्या जवळपास उरलेल्या नाहीत आणि ध्वनिमुद्रणातले बरेचसे काम संगणकातल्या तयार आवाजांवर भागवले जाते. त्या आधाराची जागा आता शिकवणीने घेतली आहे. म्हणून या व्यवसायात येणाऱ्याने आपण पुढे शिकवणार आहोत हे धरूनच स्वतः शिकायला सुरुवात करावी, असे माझे मत आहे, आणि पुढच्या पायऱ्या त्याच दृष्टीने मांडल्या आहेत.

पहिली पायरी : वाद्य आणि फुंक

मैफलीत दिसणारी लांब बासरी बहुधा पांढरी तीन पट्टीची (म्हणजे हार्मोनियमच्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीवर षड्ज असलेली), साधारण ३० इंचांची असते. नवशिक्याला तिचा मोह होतो. परंतु तिच्या भोकांमधले अंतर मोठे असते, बोटे ताणली जातात आणि भोके पूर्ण झाकली न गेल्यामुळे स्वर फाटतो. सुरुवातीला पांढरी पाच किंवा पांढरी सहाची बासरी घ्यावी आणि वर्ष-दीड वर्षाने, बोटे सैल झाल्यावर, पांढऱ्या तीनकडे वळावे. चांगल्या लांब बासरीला काही हजार रुपये मोजावे लागतात, त्यामुळे खरेदीला वाजवणारे कोणीतरी सोबत न्यावे. पारखण्याची एक सोपी रीत आहे. सहाही भोके बंद करून हलक्या फुंकेने मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातला, पंचम वाजवावा, बोटे न हलवता फुंक आवळून मध्य सप्तकातला पंचम काढावा आणि दोन्ही तानपुऱ्यावर तपासावेत. दोन्ही पंचम एकमेकांशी जुळत नसतील, तर बासरी कितीही देखणी असली तरी ती परत ठेवावी, कारण हा दोष रियाझाने जात नाही. बांबूला बारीक चीर गेली आहे का, हेही उजेडात धरून पाहावे. बासरीवर दोऱ्याचे वेढे असतात ते शोभेचे नसून बांबू फुटू नये यासाठी असतात, म्हणून सैल झालेला दोरा वेळीच पुन्हा बांधून घ्यावा.

फुंकेला मात्र सवड द्यावी लागते. माझ्याकडे आलेला एक विद्यार्थी पहिले तीन आठवडे नुसता वारा काढत होता. फुंकेला जोर कमी पडतो आहे असे समजून तो आणखी जोराने फुंकायचा आणि त्याला चक्कर यायची. शेवटी त्याला आरशासमोर बसवले तेव्हा दिसले की तो ओठांनी जवळजवळ अर्धे भोक झाकत होता आणि ओठांची फट मेणबत्ती विझवताना असते तशी गोल ठेवत होता. बासरी चिमूटभर बाहेर फिरवली, ओठ कोपऱ्यांकडे किंचित ताणून फट चपटी करायला सांगितली, आणि अगदी कमी फुंकेत स्वर उमटला. पहिल्या महिन्यात रोज दहा-दहा मिनिटांच्या तीन-चार बैठकी, त्याही आरशासमोर, पुरेशा होतात. चक्कर आली तर थांबावे. ती दमसास कमी असल्याची खूण नसून हवा वाया जात असल्याची खूण आहे.

बोटांचा हिशेब एकदा नीट समजून घेतला की पुढचा बराच गोंधळ टळतो. सहा भोके बंद असताना पंचम, पाच बंद असताना धैवत, चार बंद असताना शुद्ध निषाद, तीन बंद असताना षड्ज, दोन बंद असताना ऋषभ, एक बंद असताना गांधार आणि सगळी उघडी असताना तीव्र मध्यम मिळतो. शुद्ध मध्यम आणि सगळे कोमल स्वर भोक अर्धवट उघडून काढावे लागतात. याचा एक मजेशीर परिणाम असा की गायकाला पहिल्यांदा शिकवला जाणारा शुद्ध स्वरांचा बिलावल बासरीवर तितकासा सोपा नाही, कारण त्यातला शुद्ध मध्यम अर्ध्या भोकाचा आहे; उलट यमनात अर्धे भोक एकदाही लागत नाही. म्हणून भूप आणि यमन आधी, मग दुर्गा आणि वृंदावनी सारंग, आणि कोमल गांधार, कोमल निषाद व शुद्ध मध्यम हे तिन्ही अर्ध्या भोकांवर साधावे लागणारा बागेश्री त्यानंतर, हा क्रम हाताला मानवतो. मध्यमावरून पंचमावर जाताना सगळी उघडी भोके एकदम बंद करावी लागतात, आणि त्यामुळे तिथे मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकत जाणे, तुटते. ही बासरीची जुनी अडचण आहे. पन्नालाल घोष यांनी लांब बासरीला खालच्या बाजूला सातवे भोक जोडले, त्यामुळे मंद्रातला तीव्र मध्यम मिळू लागला आणि ही सांधजोड सुकर झाली. त्यांच्या परंपरेतले वादक आजही सात भोकांची बासरी वापरतात. हरिप्रसादजींच्या परंपरेत सहा भोकांची चालते. कोणती घ्यायची हे स्वतः ठरवू नये, गुरूंवर सोपवावे.

दुसरी पायरी : गुरूंची निवड

गुरू निवडताना त्यांच्या मैफलीइतकेच त्यांचे शिष्य ऐकावेत. उत्तम वाजवणाऱ्या माणसाला उत्तम शिकवता येतेच असे नाही. शिष्यांपैकी तिघे-चौघे जरी सुरेल, लयीत आणि एकमेकांपेक्षा वेगळे वाजवत असतील, तर तिथे तालीम खरी चालते असे समजावे. सगळे शिष्य गुरूंच्या ध्वनिमुद्रणाची हुबेहूब प्रत वाटत असतील, तर थोडा विचार करावा.

आपला कल कोणत्या अंगाकडे आहे हेही पाहावे. ख्यालगायकीच्या अंगाने बंदिश, बढत, ताना असा विस्तार करणारे वादन एका बाजूला आणि आलाप, जोड, झाला, मग गत असा तंतुवाद्याच्या वळणाचा विस्तार दुसऱ्या बाजूला. हरिप्रसादजींनी सुरबहारवादक अन्नपूर्णादेवींकडून जे घेतले त्यात हे दुसरे अंग ठळक आहे. प्रत्यक्षात प्रत्येक वादकाकडे दोन्हींचे मिश्रण असते, पण पहिली सात-आठ वर्षे एकाच गुरूंकडे, एकाच शिस्तीत काढावीत. याच काळात थोडे गाणेही शिकावे. बंदिशीचे शब्द पाठ असल्याशिवाय ती वाजवू नये, असा दंडक काही गुरू घालतात, आणि तो अगदी रास्त आहे. शब्द ठाऊक असले की फुंक कुठे तोडायची आणि जिभेचा आघात कुठे द्यायचा हे वेगळे सांगावे लागत नाही.

गुरू दूरच्या गावी असल्यास ऑनलाइन तालमीला पर्याय नसतो. त्यात दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. व्हिडिओ कॉलची प्रणाली माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेली असते. बासरीचा लांबवलेला स्वर तिला पंख्याच्या आवाजासारखा वाटतो आणि ती तो कापून टाकते. त्यामुळे आवाजावरची ही स्वयंचलित प्रक्रिया बंद करणारी सोय सेटिंगमध्ये शोधून वापरावी. शिवाय आवाज पोहोचायला क्षणभर उशीर लागत असल्याने ठेक्याबरोबर एकत्र वाजवणे जमत नाही. तालाचे काम प्रत्यक्ष भेटीसाठी राखून ठेवावे आणि महिन्यातून एकदा तरी समोर बसावे.

तिसरी पायरी : रियाझाची घडी

नोकरी किंवा शिक्षण सांभाळून दोन तास मिळत असतील, तर ते सलग मिळण्याची वाट पाहू नये. सकाळी पाऊण तास मंद्र आणि मध्य सप्तकातले दीर्घ स्वर, प्रत्येक स्वर एका श्वासात, तानपुऱ्यावर. पुढे अर्धा तास अलंकार आणि पलटे, म्हणजे ठरावीक क्रमाच्या स्वररचनांचा सराव. आणि संध्याकाळी पाऊण तास एकच राग, असा भाग केला तरी काम होते. एक राग किमान तीन-चार महिने धरून ठेवावा. वर्षाला पंधरा राग ‘झाले’ असे सांगणाऱ्यांचा षड्ज अनेकदा डळमळत असतो.

ताल हातावर धरून तीनताल, एकताल, झपताल आणि रूपक यांचे ठेके तोंडाने म्हणता आले पाहिजेत. तबल्याच्या अॅपवर वर्षभर सराव झाल्यावर खऱ्या तबलजींबरोबर बसायला सुरुवात करावी, कारण अॅप कधीच दमत नाही, चिडत नाही आणि लयीशी खेळतही नाही. मान आणि उजवा खांदा यांच्याकडे दुर्लक्ष करू नये. बासरी तोल धरून आडवी ठेवण्यासाठी खांदा नकळत वर उचलला जातो, आणि दहा वर्षांनी त्याचे दुखणे होते. आरसा इथेही उपयोगी पडतो.

चौथी पायरी : परीक्षा, पदव्या, शिष्यवृत्त्या

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून प्रवेशिका, मध्यमा, विशारद आणि अलंकार अशा चढत जातात आणि बासरी हा विषय घेऊन त्या देता येतात. परीक्षेने वादन घडत नाही, पण पालक आणि शाळा प्रमाणपत्र विचारतात, हे वास्तव आहे. शिकवणी करायची तर निदान विशारद पूर्ण असावे. महाविद्यालयात किंवा विद्यापीठात शिकवायचे असल्यास संगीतातली पदव्युत्तर पदवी आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा आवश्यक ठरते; पुण्याच्या विद्यापीठातील ललित कला केंद्रात गुरुकुल पद्धतीला पदवीची जोड दिलेली आहे, तशा अभ्यासक्रमांची चौकशी करावी. १० ते १४ वर्षांच्या मुलांसाठी सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्राची शिष्यवृत्ती आणि १८ ते २५ वयोगटातल्या कलाकारांसाठी केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाची दोन वर्षांची शिष्यवृत्ती असते. रक्कम मोठी नसली तरी या निवडीचा पुढे उपयोग होतो. वय उलटले की ही दारे बंद होतात, म्हणून जाहिरातींवर लक्ष ठेवावे.

पाचवी पायरी : आकाशवाणी आणि मंच

आकाशवाणीच्या ध्वनिचाचणीतून बी, बी-हाय, ए आणि टॉप अशा श्रेणी मिळतात. त्यातून मिळणाऱ्या मानधनापेक्षा ‘आकाशवाणीचे श्रेणीप्राप्त कलाकार’ या ओळखीचे मोल अधिक आहे. आयोजक आणि पालक दोघेही ती ओळखतात. चाचणीला रागांची यादी द्यावी लागते आणि त्यातला कोणताही राग ऐन वेळी मागितला जाऊ शकतो, म्हणून यादी फुगवू नये. १६ ते २४ वयोगटासाठी आकाशवाणी संगीत स्पर्धाही घेते.

स्टुडिओत आणि वातानुकूलित सभागृहात बासरीवाल्याची एक वेगळीच परीक्षा होते. थंड हवेत ध्वनीचा वेग कमी होतो, त्यामुळे बासरीचा स्वर उतरतो. वाजवता वाजवता नळी श्वासाने तापते आणि स्वर हळूहळू चढतो. सतारीसारखी खुंटी पिळून हे दुरुस्त करता येत नाही. माझ्या पहिल्या ध्वनिमुद्रणाला मी बासरी पिशवीतून काढली ती थेट तोंडाला लावली, आणि आलाप संपेपर्यंत तानपुरा आणि मी दोन वेगळ्या घरांत राहत होतो. तेव्हापासून अर्धा तास आधी पोहोचून त्याच खोलीत बासरी वाजवत राहायची, ती तापली की मगच तानपुरा बासरीला जुळवायचा आणि त्यानंतरच तबलजींना स्वर द्यायचा, हा क्रम मी पाळतो. पट्टी तबलजींना दोन दिवस आधी कळवावी. एकाच पट्टीच्या, किंचित चढ्या-उतऱ्या अशा दोन बासऱ्या सोबत असाव्यात.

सुरुवातीचे कार्यक्रम गावच्या उत्सवात, गुरुपौर्णिमेला, घरगुती बैठकीत होतात आणि तिथे वीस मिनिटेच मिळतात. वीस मिनिटांत एक राग नेटका मांडण्याची सवय ही मोठी शिदोरी आहे. विलंबित, म्हणजे संथ लयीचा भाग, पसरवून द्रुताला, म्हणजे जलद भागाला, वेळच उरला नाही, ही नवोदितांची नेहमीची फसगत असते. घड्याळ लावून घरी तेवढाच कार्यक्रम दहा वेळा वाजवून पाहावा.

सहावी पायरी : शिकवणे

शिकवण्याची सुरुवात गुरूंच्या परवानगीने आणि शक्य तर त्यांच्याच वर्गातल्या नवशिक्यांपासून करावी. गुरू शेजारच्या खोलीत असतात, चूक दुरुस्त होते, आणि आपल्याला सहज येणारी गोष्ट दुसऱ्याला का येत नाही हे शोधण्याची नजर तयार होते. मला स्वतःला फुंक तीन दिवसांत लागली होती. म्हणूनच सुरुवातीची काही वर्षे मी फुंक शिकवण्यात अगदी कच्चा होतो. ज्याला ती तीन महिन्यांनी लागते, तो ती बहुधा जास्त चांगली शिकवतो.

सामूहिक वर्गात चार-पाचांहून अधिक नवशिके घेऊ नयेत. सर्वांकडे एकाच कारागिराच्या, एकाच पट्टीच्या बासऱ्या असाव्यात, नाहीतर चार जणांचे चार षड्ज होतात आणि कोणाचाच कान घडत नाही. वर्गात एकाने वाजवावे आणि बाकीच्यांनी तो स्वर गावा, असे आलटून पालटून केले तर वेळ वाया जात नाही आणि गाण्याची भीतीही मोडते. लहान मुलांची बोटे मोठी भोके झाकू शकत नाहीत. त्यांना वरच्या पट्टीची आखूड बासरी द्यावी आणि हात वाढेल तशी पट्टी खाली आणावी. निवृत्तीनंतर शिकायला येणाऱ्यांचा प्रश्न वेगळा असतो. त्यांना राग ऐकून माहीत असतात, घाई असते आणि दम कमी असतो. त्यांना पलट्यांत वर्षभर अडकवण्यापेक्षा भूपातली एखादी छोटी बंदिश लवकर द्यावी आणि फुंकेचे काम त्याच बंदिशीतून करून घ्यावे. दोन्ही प्रकारच्या विद्यार्थ्यांना एकच अभ्यासक्रम लावणारा शिक्षक दोघांनाही गमावतो.

प्रत्येक विद्यार्थ्याची वही ठेवावी : कोणत्या तारखेला कोणता पलटा दिला, कोणते बोट उचलले जाते, कोणता स्वर उतरतो. बंदिशी भातखंडे पद्धतीच्या स्वरलिपीत लिहून द्याव्यात, मात्र वर्गात वही बंद ठेवून वाजवायला लावावे. ‘मुलगा स्नेहसंमेलनात कधी वाजवणार’ हे पालक दुसऱ्याच महिन्यात विचारतात. त्यावर चिडण्यात अर्थ नाही. सहा महिन्यांनी वर्गातल्या वर्गात छोटी बैठक ठेवून पालकांना बोलवावे, म्हणजे त्यांनाही कळते की तीन स्वर सुरात लागणे ही केवढी गोष्ट आहे.

फीबद्दल संकोच करू नये. महिन्याच्या सुरुवातीला आगाऊ फी, विद्यार्थी गैरहजर राहिल्यास तास बुडालेला, शिक्षक गैरहजर राहिल्यास तास भरून देणार, हे तीन नियम पहिल्या दिवशी लिहून द्यावेत. एखाद्या गरजू आणि गुणी मुलाला विनामूल्य शिकवावे, पण ते आपण ठरवून. मागण्याची लाज वाटली म्हणून नव्हे. आणि सकाळ शिकवण्यांना देऊ नये. संध्याकाळी चार-पाच तास इतरांचे उतरलेले स्वर ऐकून कान थकतो, तो सकाळच्या तानपुऱ्यावरच पुन्हा स्वच्छ होतो. ज्यांनी पैशासाठी सकाळही विकली, त्यांचे वादन पाच वर्षांत थांबलेले मी पाहिले आहे.

सातवी पायरी : हिशेब आणि नोकरीचा निर्णय

कार्यक्रम ठरताना मानधन, प्रवास, मुक्काम आणि ध्वनिव्यवस्था या गोष्टी निदान एका संदेशात लेखी मागून घ्याव्यात. साथीदारांचे मानधन त्यात धरलेले आहे की वेगळे आहे, हे आधी विचारावे आणि आयोजकांकडून पैसे यायला उशीर झाला तरी तबलजींना त्याच दिवशी द्यावेत. संस्था मानधनातून करकपात करतात, म्हणून पॅन कार्ड, बँकेचा तपशील आणि पावतीचा नमुना तयार असावा आणि कापलेला कर विवरणपत्र भरताना हिशेबात घ्यावा. शास्त्रीय संगीताच्या एका कार्यक्रमाचे मानधन दीड लाख रुपयांपर्यंत असल्यास त्यावर जीएसटी लागत नाही, ही सवलत अनेक कलाकारांना ठाऊक नसते. जाहिराती किंवा चित्रपटांसाठी केलेल्या वादनाला ती आपोआप लागू होईल असे मात्र धरून चालू नये. तेथे कर सल्लागाराला विचारावे.

हातातली नोकरी कधी सोडावी, हा शेवटचा प्रश्न. कार्यक्रमांचे उत्पन्न यात धरूच नये, कारण ते डिसेंबर-जानेवारीत येते आणि पावसाळ्यात आटते. फक्त शिकवणीच्या फीचा बारा महिन्यांचा आकडा मांडावा, आणि तोही मे महिना, परीक्षांचा काळ आणि दिवाळीची सुट्टी धरून, कारण त्या दिवसांत निम्मे विद्यार्थी येत नाहीत. एवढे वजा करूनही त्या रकमेत घरखर्च सलग दोन वर्षे भागला असेल, तर राजीनामा लिहायला हरकत नाही; पहिल्याच मे महिन्यात उसने घ्यावे लागले असतील, तर आणखी एक वर्ष संध्याकाळचे वर्ग चालू ठेवून नोकरी करावी.